माळ्यावर ठेवलेला माणूस

त्या पावसाळ्यात मी पुण्याजवळच्या एका इंजिनिअर युनिटमध्ये नायब सुभेदार होतो. पहाटे पाच वाजता फॉल इन झालं. मेजर साहेबांनी नकाशा उघडला, कोल्हापूरवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "साब, ये तो आपका घर है." मी म्हणालो, "यस सर." दुसरं काय म्हणणार? माझा जन्म शिवाजी पेठेतला. पेठेत वाढलेला माणूस दोन गोष्टी शिकतोच, फुटबॉल आणि मोठ्यानं बोलणं. फुटबॉल गुडघ्यानं सोडायला लावला. मोठ्यानं बोलणं फौजेत कामाला आलं.

महामार्ग पाण्याखाली गेला होता, म्हणून आमच्या गाड्यांचा कॉलम लांबच्या वाटेनं आला. संध्याकाळी आम्ही नदीकाठच्या एका गावात पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथले लोक मला अजून जेवायला बोलावतात आणि मला ते बंद करायचं नाही. गावाच्या वरच्या अंगाला, माळावर, हायस्कूल होतं. तिथं आमचा बेस. राधानगरी धरणाची दारं उघडली होती, पाऊस थांबत नव्हता, आणि खालचं निम्मं गाव पाण्यात होतं.

माझ्या बोटीवर ओबीएम, म्हणजे मागं लावायचं इंजिन, नाईक सेल्वराज चालवायचा. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याचा पोरगा. अंगानं सडपातळ, बोलायला कमी, आणि पाण्यावर असला की खूष. पंचगंगा त्याला अजिबात आवडली नाही. मला म्हणाला, "साब, समंदर आता है, जाता है. ये नदी आके बैठ जाती है." मी म्हणालो, बाबा, आमच्याकडचे पाहुणे पण तसेच असतात. त्याला ते समजावून सांगायला मला पुढचा अर्धा तास गेला.

पहिला दिवस नेहमीचा गेला. नेहमीचा म्हणजे म्हशींवरून भांडणात. नदीकाठचा माणूस स्वतः बुडेल, पण म्हैस सोडणार नाही. एक म्हातारा गोठ्याच्या छपरावर बसून होता, खाली म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात. मी त्याला बोटीत यायला सांगितलं.

"पावणं, म्हस न्हाय तर मी बी न्हाय."

"पावणं कोण? मी शिवाजी पेठेतला हाय."

"मग तर तुमाला कळाय पायजे की."

शेवटी म्हशीचा दोर बोटीच्या कडेला बांधला, इंजिन हळू ठेवलं आणि ती पोहत आली. म्हैस चांगली पोहते, फक्त तिला कुठं जायचं ते कोणीतरी दाखवावं लागतं. त्यानंतर आम्ही प्रत्येक फेरीला एक-दोन म्हशी अशाच आणल्या. सेल्वराजला ते काम इतकं आवडलं की तो म्हशींशी तमिळमध्ये गप्पा मारायला लागला.

आता एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. या गावांत पाणी वाढायला लागलं की घरातलं सगळं माळ्यावर चढतं. धान्याची पोती, गॅसची टाकी, टीव्ही, देव, पोरांची दप्तरं. मागच्या पुराला पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण भिंतीवर असते. त्या खुणेच्या वर जे गेलं ते वाचलं, असं सगळे धरून चालतात. माळा भरला की जनावरं सोडायची आणि मग माणसांनी निघायचं. यात वाईट काही नाही. सामान वाचवायला हीच रीत बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही फेरी करून शाळेपाशी लागलो. एक बाई चिखलात उतरली आणि तिनं बोटीचा दोर धरला. सोडायला तयार नाही. तिचं नाव सुलोचना.

"साहेब, आमचं मालक माळ्यावर हाईत."

"बरोबर कोण आहे?"

"कोण न्हाय. त्यांच्या कंबरंखाली जीव न्हाय, साहेब. ट्रॉलीवरनं पडल्यापास्नं खाटंवर हाईत. धाकट्या दिरानं काल वर चढवलं. म्हणालं, वैनी, दादाला कशाला हलवायचं, खुणेच्या वर हाय त्यो, दोन दिसात पाणी उतरतंय. सकाळधरनं सगळ्यांस्नी सांगालोय, तर सगळी म्हणत्यात, त्यो वर हाय न्हवं, मग झालं की."

दीर तिथंच उभा होता. बाजीराव. वाईट माणूस नव्हता. भावाला पाठीवर घेऊन तो एकट्यानं जिना चढला होता, त्याच्या उशाला पाणी, भाकरी आणि चिवडा ठेवून आला होता. त्याच्या दृष्टीनं त्यानं भावाला गावातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवलं होतं. मी त्याला विचारलं, पाणी आता कुठं आहे? तो म्हणाला, खुणेच्या वर. आणि घर कशाचं आहे? घर पांढऱ्या मातीचं होतं. त्या गल्लीतली तसली दोन घरं सकाळी बसली होती. तिसरं कुठलं बसणार ते कोणाच्या हातात नव्हतं.

मी वायरलेस सेट उचलला. वन म्हणजे मेजर साहेब, थ्री म्हणजे मी.

"वन, थ्री. एक आदमी माळे पर है, चल नहीं सकता. मिट्टी का मकान. जा रहा हूँ, ओव्हर."

"थ्री, वन. गली में बोट जाएगी? ओव्हर."

"देखके बताता हूँ. आउट."

सेल्वराज, दोन जवान, बाजीराव आणि मी निघालो. गल्लीच्या तोंडाशी सेल्वराजनं वेग कमी केला. दोन्ही बाजूंचे पत्रे वाकून पाण्यात आले होते, काही वर, काही पाण्याखाली. आमची बोट रबराची. एक पत्रा लागला की खेळ खलास. तेवढ्यात आतून, वरून कुठूनतरी आवाज आला. आवाज असा की मला पेठेतलं मैदान आठवलं.

"कोण हाय रं तितं?"

मी ओरडलो, "फौज!"

"फौज असूदे न्हायतर कोण असूदे, ती मोटार पैली बंद करा! लाटनं भिती हलालत्यात!"

सेल्वराजला शब्द कळले नसतील, पण त्यानं इंजिन बंद केलं. खरोखर, आमची लाट भिंतीला लागून परत येत होती. आवाज परत आला.

"काय आणलाईसा?"

"रबरी बोट."

"रबर काय करतंय हितं? काहील आणा की, गुऱ्हाळातली!"

काहील म्हणजे गुळासाठी उसाचा रस उकळायची लोखंडी कढई. गोल, सपाट बुडाची, आत पाच-सहा माणसं मांडी घालून बसतील एवढी. पुरात नदीकाठचे लोक तीच पाण्यात सोडतात आणि तिच्यातून ये-जा करतात. पत्र्यानं तिला काही होत नाही. एकच खोड आहे, ती जागच्या जागी गरगर फिरते. माझे कोणी जुने अधिकारी हे वाचत असतील तर सांगतो, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. गुऱ्हाळ माळाच्या कडेला होतं. बोट परत माळाला लावली, बाजीरावनं चार गडी गोळा केले आणि काहील घेऊन आला. ती बघून सेल्वराजचा चेहरा उजळला. "परिसल, साब!" त्यांच्याकडच्या नद्यांत वेताची गोल नाव असते, तिचं नाव परिसल. गोल नाव फिरू कशी द्यायची नाही ते त्याला हातपाय पसरून झोपावं इतक्या सहज येत होतं. तो पाण्यात उतरला, एका बाजूची कड धरली, समोरून बाजीराव. मी आत. गल्लीच्या तोंडाशी बोट ठेवली, तिच्यात दोन जवान आणि त्यांच्या हातात काहिलीला बांधलेला दोर.

माळ्याची खिडकी लहान होती. मी वळचणीची कौलं काढली आणि आत शिरलो. पाणी माळ्याच्या फळ्यांना टेकलं होतं. पोत्यांच्या मधे, सतरंजीवर, शामराव पडलेला. चाळिशीचा, छातीनं रुंद, दाढी वाढलेली, हातात स्टीलचं ताट. सकाळपासून तेच वाजवत होता. मी वाकलो आणि त्याला खांद्यावर घ्यायला हात घातला. त्यानं माझी कॉलर धरली.

"थांबा. पैलं इचारा."

"काय विचारू?"

"मला कसं उचलायचं त्ये. पाठीत लोखंडी सळ्या हाईत माझ्या. कंबरंत मोडलासा तर हात बी जातील. काल बाजानं पाठीवर टाकून आणलं, तवापास्नं डाव्या हाताला मुंग्या हाईत. आता हातच तेवढं राहिल्यात, सायेब. त्ये घालवू नका."

मग मी विचारलं. फौजेत मी पुष्कळ जणांचे हुकूम ऐकले, आडव्या पडलेल्या माणसाचे हुकूम ऐकायची ही पहिलीच वेळ. त्यानं एकेक सांगितलं. माळ्यावरच्या धान्याच्या कोठीचं कवाड वर उचललं की निघतं, ते काढा. माझ्या शेजारी ठेवा. मला एका कुशीवर वळवा, पण खांदा आणि कंबर एकदम, मागंपुढं नको. कवाड खाली सरकवा आणि मला परत उताणा करा. सुलीची लुगडी ट्रंकेत आहेत, त्यांनी बांधा. छातीला, कंबरेला, मांड्यांना, पायांना. डोक्याच्या दोन्ही बाजूंना घड्या घालून काहीतरी ठेवा. लघवीची पिशवी पोटावर ठेवू नका, उलटी येईल, मांड्यांच्या मधे ठेवा. मी ट्रंक उघडली तेव्हा म्हणाला, "पैठणी सोडून." मला त्याही वेळी हसू आलं.

त्याला बांधून झालं. मी वळचणीचे दोन वासे तोडले आणि कवाड हळूहळू बाहेर सरकवलं. खालून सेल्वराज आणि बाजीराव काहील स्थिर धरून होते. शामरावचं तोंड बंद नव्हतं. डावीकडं घ्या, पाय वर करा, आरं बाजा झोपलास काय. शेवटी सेल्वराजनं दोन दिवसांत शिकलेली सगळी मराठी एकदम काढली.

"मामा, गप की!"

शामराव गप्प झाला. मग मोठ्यानं हसला. आम्ही सगळेच हसलो. कवाड काहिलीत बसलं, थोडं तिरकं, पण नीट. मी त्याच्या उशाशी गुडघ्यावर बसलो आणि जवानांना दोर ओढायला सांगितलं. बाजीराव पुढच्या बाजूला, सेल्वराज मागं, शामरावच्या पायांकडं, पाठ भिंतीला आणि दोन्ही हात काहिलीच्या कडेला.

गल्ली निम्मी झाली होती. मातीची भिंत पडताना धडाड आवाज होतो असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. ती आधी खाली बसते, मग पुढं येते. सेल्वराजला ती पाठीला जाणवली असणार. त्यानं दोन्ही हातांनी काहील ढकलली, सगळं अंग लावून. आम्ही एकदम पुढं गेलो, दोर ढिला पडला, काहिलीत पाणी आलं. मी मागं वळलो तेव्हा मागं फक्त मातीचं पाणी होतं.

मी बाजीरावला आणि जवानांना ओरडून काहील बाहेर काढायला सांगितली आणि उडी मारली. बाजीरावनं काहील बोटीला लावली आणि तो परत आला. आम्ही दोघं बुड्या मारत राहिलो. माझ्यापेक्षा त्यानं जास्त मारल्या. खाली विटा नाहीत, दगड नाहीत, नुसती माती, हाताला काही लागत नाही. शेवटी दुसरी भिंत हलायला लागली तेव्हा मी त्याला केसांना धरून मागं ओढलं.

"वन, थ्री. पेशंट सेफ. ओबीएम ऑपरेटर मिसिंग, ओव्हर."

"थ्री, वन. से अगेन."

"नाईक सेल्वराज मिसिंग. दीवार गिरी. ओव्हर."

मग मेजर साहेब म्हणाले, "रॉजर."

शामराव कवाडाला बांधलेला, तोंड आकाशाकडं, मान हलवता येत नाही. पण कवाड उशाकडून थोडं उंच होतं आणि सेल्वराज त्याच्या पायांकडं, म्हणजे त्याच्या नजरेसमोर. सेल्वराजचं शेवटचं तोंड त्यानं बघितलं, आमच्यापैकी कोणी नाही. तो ओरडत होता, "मला सोडा. मला पाण्यात टाका आन् त्येला काढा." मी गाठी सोडल्या नाहीत. शाळेपर्यंत तो तसाच आला आणि तिथून गाडीनं दवाखान्यात गेला. त्याचे दोन्ही हात शाबूत राहिले.

पाणी उतरल्यावर सेल्वराज सापडला. हायस्कूलच्या मैदानावर आम्ही त्याला सलामी दिली. पुरातून आलेले सगळे लोक ओल्या कपड्यांनी येऊन उभे राहिले. ज्या म्हाताऱ्याची म्हैस त्यानं आणली होती तो शवपेटीपाशी बसला आणि उठायला तयार होईना.

चौकशी झाली. नियमानं होतेच. मी होतं तसं सांगितलं. पांढऱ्या मातीची भिंत पाण्यात राहिली की पडते, तिला कारण लागत नाही. तोच प्रसंग परत आला तर मी तोच हुकूम देईन, आणि सेल्वराज विचारल्याशिवाय पाण्यात उतरेल. याबद्दल मला कधी शंका आली नाही. मला येतो तो राग. पाण्याचा नाही, बाजीरावचा नाही. माणसाला सामानाबरोबर वर चढवून आपण निघायचं, या सवयीचा. आदल्या दिवशी त्या गल्लीतला रस्ता कोरडा असताना शामरावला ट्रॉलीत गादी टाकून नेता आला असता आणि शाळेत बसून त्यानं सगळ्यांना शिव्या घातल्या असत्या.

पुढं मी सुभेदार होऊन निवृत्त झालो आणि पेठेत परत आलो. आठवड्यात शामरावचा फोन.

"सुभेदार, रिकामंच हाईसा न्हवं?"

"परवाच आलोय, शामराव. जरा बसू दे की."

"बसायला तुमास्नी येतंय तरी. मला त्ये बी येत न्हाय. या हिकडं."

गेलो. त्यानं खाटेवरूनच नदीकाठच्या गावांतले आपल्यासारखे लोक फोनवर शोधून काढले होते. कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाचे पाय गेलेले, कोणाचं पोरगं मोठं झालं तरी समज लहान. त्याचं म्हणणं सरळ होतं. दरवर्षी उन्हाळ्यात, पावसाआधी, प्रत्येक गावात यांना घरातून बाहेर काढायचा सराव करायचा. फौजेत करतात तसा. आणि सरावात पोतं किंवा बाहुली चालणार नाही, खरं माणूस उचलायचं, आणि कसं उचलायचं ते त्या माणसानंच शेजाऱ्यांना शिकवायचं. मी म्हणालो, मंजूर.

तेव्हापासून आम्ही फिरतोय. टेम्पोत त्याची खाट, खाटेवर तो, हातात माईक. मी शेजारी उभा. भाषण तो करतो, कवायत मी घेतो. सगळ्यात आधी तो सांगतो, माळा म्हणजे बाहेर पडणं नव्हे. ज्याला वेळ लागतो त्यानं पहिल्या फेरीला जायचं, पाणी गल्लीत यायच्या आधी. हे लोकांना पटायला जड जातं. आणि सगळ्यात जड जातं ते ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच. शामरावच्याच गावात एक वयस्कर गृहस्थ, दोन्ही पायांनी अधू, म्हणाले, "माज्यामुळं कुणाला तरास नगो. सगळी गेली की मी जातो." शामराव माईकवरून म्हणाला, "काका, तुमच्यामुळं तरास हुईत न्हाय, तुमी उशीर केलासा की हुतोय. मी केलतो उशीर. एक माणूस गेलं." पुढच्या सरावाला ते काका सगळ्यांच्या आधी ट्रॉलीत जाऊन बसले होते.

सगळंच असं गंभीर नसतं. त्याच गावात हौसाबाई म्हणून एक आजी आहेत, डोळ्यांनी अजिबात दिसत नाही. सरावात दोन पोरं धावत गेली, त्यांचे दोन हात धरले आणि त्यांना ओढायला लागली. आजींनी काठी अशी फिरवली की एकाच्या नडगीवर बसली. "मला वडायला मी काय शेरडू हाय व्हय? तुजं कोपार दे हिकडं. मी धरते. तू फुडं चाल आन् पायरी आली की सांग." आता त्या गावात दिसत नसलेल्या माणसाला कोणी ओढत नाही. सगळे आधी कोपर पुढं करतात आणि नडगी मागं घेतात.

इचलकरंजीला वेगळीच गंमत झाली. तिथं नवरा-बायको दोघंही ऐकू न येणारे, एका यंत्रमागाच्या शेडशेजारी राहायचे. आम्हाला वाटलं, यांना इशारा कसा द्यायचा हे शिकवायला दिवस जाईल. पण माग सुरू असताना शेडमध्ये कोणालाच काही ऐकू येत नाही. तिथले कामगार, बाहेरगावाहून आलेले सुद्धा, एकमेकांशी हातानं आणि ओठांनी बोलतात. त्या जोडप्याशी ते रोज तसंच बोलत होते. पाणी, रस्ता, निघा, थांबा, सगळ्याच्या खुणा तयारच होत्या. आम्ही फक्त एवढं ठरवलं की वीज जाईल, म्हणून दिव्याच्या भरवशावर राहायचं नाही. बॅटरी घेऊन एकानं दारात जायचं आणि खांद्याला हात लावायचा. कोण जाणार यावरून दोन कामगारांत भांडण झालं, दोघांनाही जायचं होतं. मी दोघांना पाठवलं.

औषधांची पिशवी कायम दाराशी, खाटेच्या उंचीवर. काठी, कुबडी, चाकाची खुर्ची, कानातलं यंत्र माणसाबरोबर जाणार, मागून नाही. समज लहान असलेल्या पोराला, आई जवळ नसताना, कोणाचं ऐकायची सवय आहे ते आधी विचारून ठेवायचं. या साध्या गोष्टी आहेत. पण बंदूक साफ करणं पण साधंच असतं, ते रोज करावं लागतं.

मग परत पूर आला. राधानगरीची दारं उघडल्याची बातमी सकाळी आली आणि दुपारी शामराव ट्रॉलीतून शाळेत गेला, गादीवर, रस्ता कोरडा असताना. शेजारचे लोक गच्चीवरून बघत होते, एकानं ओरडून विचारलं, एवढ्यात निघालास काय रं? शामराव म्हणाला, "व्हय. आन् तू बी आवर." त्याच्या मागं हौसाबाई आल्या, मग काका, मग बाकीचे, मग म्हशी. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा गल्ली रिकामी होती. बाजीरावनं प्रत्येक घराचा माळा स्वतः चढून बघितला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण तो बघतो.

दुसऱ्या दिवशी बोटी घेऊन एक तरुण अधिकारी आला. मला विचारलं, "साब, कितने फँसे हैं?" मी म्हणालो, "कोई नहीं, सर. चाय लीजिए." त्याला खोटं वाटलं. त्यानं गल्लीतून एक फेरी मारली आणि मग चहा घेतला.

पाणी ओसरल्यावर शामराव म्हणाला, "आता जाऊया."

कुठं ते मला माहीत होतं. सेल्वराजच्या आईला भेटायचं, हे मी त्याला आधी दोनदा सुचवलं होतं. दोन्ही वेळा त्यानं मला झिडकारलं. म्हणाला होता, "काय सांगू तिला? तुजं पोरगं गेलं आन् मी खाटंवर पडून टीव्ही बगतोय?" त्या विषयावर आम्ही परत बोललो नव्हतो.

मिरजेहून गाडी पकडली. शामराव, सुलोचना, बाजीराव आणि मी. दोन ठिकाणी बदलावी लागली. प्रत्येक फलाटावर हमालांना शामराव स्वतः शिकवत होता, आपल्याला कसं उचलायचं ते, कोल्हापुरी मराठीत, आणि त्यांना ते समजत होतं. समुद्राच्या काठी गाव. सेल्वराजचा मोठा भाऊ ट्रक चालवायचा, त्यामुळं त्याला हिंदी यायची. त्याची आई बुटकी, अंगानं वाळकी, अंगणात मासे वाळत घातलेले. आम्ही स्ट्रेचर ओसरीवर ठेवलं. तिनं शामरावच्या कपाळावर हात ठेवला, मग खाली जाऊन त्याच्या पायांवर. पायांवरचा हात त्याला कळत नाही, पण तो बघत होता.

सेल्वराज कसा गेला हे तिनं विचारलं नाही. ते तिला पेटीबरोबर गेलेल्या साहेबांनी सांगितलं होतं. ती शामरावच्या उशाशी बसली आणि काहीतरी बोलली. भावानं हिंदीत सांगितलं, अम्मा विचारते, तुम्ही काय काम करता?

शामराव माझ्याकडं बघून म्हणाला, "सांगा तिला. पूर यायच्या आदी माझ्यावाणी माणसं घरातनं भाईर काढतो. औंदा सगळी निघाली. एक बी मागं राहिलं न्हाय."

मी हिंदीत सांगितलं, भावानं तमिळमध्ये. ती ऐकत होती. मग हळू आवाजात काहीतरी बोलली. भावानं तोंड फिरवलं आणि मग सांगितलं.

"अम्मा कहती है, अच्छा हुआ. वो सोचती थी, बेटे का काम अधूरा रह गया."

मी ते शामरावसाठी मराठीत केलं नाही, गरज नव्हती. म्हातारी उठली आणि तिनं सगळ्यांना जेवायला वाढलं. शामरावला तिनं आपल्या हातानं भरवलं. त्याचे हात चांगले आहेत हे तिला माहीत नव्हतं, आणि त्यानंही सांगितलं नाही. तो रडत रडत जेवला.